माशीचा गळ आणि तहाचें वचन

मासे धरणें हा आमच्या सुशिक्षित वर्गांत प्रतिष्ठेचा विषय कधींच नव्हता. कोंकणांतील घरीं ताटांत मासा आनंदानें येतो; परंतु तो रापणीनें आला कीं गळानें आला, ह्याची चौकशी स्वयंपाकघराच्या पलीकडे सहसा जात नाहीं. युरोपांत व अमेरिकेंत प्रकार निराळा आहे. तेथें गळानें मासा धरणें ही उपजीविका तर आहेच, पण कित्येकांच्या मतें ती एक कलाहि आहे. त्या कलेला स्वतःचें वाङ्मय आहे, स्वतःची परंपरा आहे, आणि नवल वाटेल पण कोर्टकज्जांचा एक मोठा इतिहासहि तिच्याशीं जोडलेला आहे. ही कला आणि तो इतिहास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एका लहानशा भूशिरापाशीं येऊन कसे मिळतात, तें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कलेचें स्वरूप पाहूं. गळाला किडा किंवा माशाचा तुकडा लावून मासा फसविणें हें जगभर चालतें. परंतु पिसें, केस, लोंकर व रेशीम ह्यांनीं गळ मढवून त्याला माशीचें रूप द्यावें, आणि त्या खोट्या माशीवर खरा मासा झेपावेल असें करावें, ही युक्ति वेगळी. मराठींत मासा आणि माशी हे शब्द इतके जवळचे आहेत कीं, माशीनें मासा धरणें हा कोणास शब्दखेळ वाटेल. पण ही युक्ति फार जुनी आहे. रोमन साम्राज्यांतील ईलियन नामक ग्रंथकारानें इ. स. २०० च्या सुमारास असें नमूद करून ठेविलें आहे कीं, मॅसिडोनियांतील लोक तांबड्या लोंकरीची व कोंबड्याच्या पिसांची माशी करून नदींतील मासे धरतात. इंग्लंडांत ह्या विषयावरील निबंध १४९६ मध्यें छापून निघाला. १६५३ मध्यें आयझॅक वॉल्टन ह्याचा ‘कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १६७६ मध्यें त्याचा स्नेही चार्ल्स कॉटन ह्यानें माशीच्या गळाविषयींचें प्रकरण त्याला जोडलें. पुढें स्कॉटलंडांतील नद्यांवर सामन माशाची अशी शिकार करणें हें जमीनदार वर्गाचें भूषण होऊन बसलें. नदीचा जो भाग ज्याच्या ताब्यांत, तेथें गळ टाकण्याचा हक्कहि त्याचा. इतरांनीं टाकल्यास ती चोरी.

सामन मासा गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं आपल्या जन्माच्या नदीकडे परत येतो. अटलांटिक महासागरांत त्याची एकच जात आहे. पॅसिफिक महासागरांत मात्र अनेक जाती असून त्यांचा वंश वेगळा मानला जातो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या चिनूक, कोहो, गुलाबी इत्यादि पांच मुख्य जातींतले मासे एकदां अंडीं घातलीं कीं मरून जातात. आतां इंग्रजांची अशी रीत होती कीं, ते जेथें जात तेथल्या माशाला आपल्या घरच्या माशाचें नांव देत. आमच्या रावसाला त्यांनीं ‘इंडियन सामन’ म्हटलें. वास्तविक रावसाचा आणि सामनाचा कांहीं संबंध नाहीं. नांव दिल्यानें फारसें नुकसान होत नाहीं. पण घरचें माप परक्या देशाला लावलें म्हणजे मोठ्या चुका होतात. अशा एका चुकीची आख्यायिका येथें सांगण्यासारखी आहे.

१८४५ मध्यें ऑरेगन प्रदेशाच्या मालकीविषयीं इंग्लंड आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें ह्यांच्यांत वाद चालू होता. त्या वेळीं ‘अमेरिका’ ह्याच नांवाची एक इंग्रज युद्धनौका त्या किनाऱ्यावर आली. तिचा कप्तान जॉन गॉर्डन हा तत्कालीन परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन ह्यांचा भाऊ. गॉर्डनला शिकारीचा नाद होता. अशी कथा सांगतात कीं, तेथील सामन माशीच्या गळाला तोंड लावीत नाहीं हें पाहून तो संतापला, आणि असला देश घेऊन काय करावयाचें, असा अभिप्राय त्यानें दिला. पुढच्याच वर्षीं, १८४६ मध्यें, तह होऊन मुख्य भूमीवर एकोणपन्नासावें अक्षवृत्त ही सरहद्द ठरली आणि त्याच्या दक्षिणेचा सगळा प्रदेश अमेरिकेकडे गेला. माशाच्या अरसिकपणामुळें साम्राज्याचा एवढा तुकडा गेला, हें इतिहासकारांना मान्य नाहीं, आणि तें योग्यच आहे. राज्यांच्या सीमा अधिक वजनदार कारणांनीं ठरतात. तथापि कथेंतला स्वभाव खरा आहे. देशाची किंमत आपल्या करमणुकीच्या मापानें करणारा मनुष्य ओळखीचा वाटतो. आणि त्या देशांत सामनावर जगणारे लोक आधींपासून राहत आहेत, ही गोष्ट त्या कथेंत कोठेंच येत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

माशाच्या बाबतींतहि कथेंतील कप्तान चुकलाच होता. पॅसिफिकचा सामन नदींत शिरूं लागला म्हणजे त्याची भूक मंदावते. परंतु खाऱ्या पाण्यांत असतांना तो अधाशासारखा खात असतो. प्युजेट साउंड म्हणजे वॉशिंग्टन संस्थानांत खोलवर शिरलेली समुद्राची एक मोठी, अनेक फांट्यांची खाडी आहे. आपल्याकडे भाद्रपद संपून आश्विन लागतो त्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरांत, कोहो जातीचा सामन महासागरांतून ह्या खाडींत येतो. एक-दीड वर्ष गोड्या पाण्यांत व दीडएक वर्ष समुद्रांत काढलेला हा तीन वर्षांचा मासा रुपेरी रंगाचा, तीनचार किलो वजनाचा व अंगानें भरलेला असतो. लहान हेरिंग व वाळूंत दडणारे बारीक, लांबट मासे ह्यांच्या पाठीमागें तो किनाऱ्याच्या इतका जवळ येतो कीं, गुडघाभर पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाच्या टप्प्यांत तो सांपडतो. विषम सनांच्या वर्षीं त्याच्या थोडा आधीं, ऑगस्टांत, गुलाबी सामनाचे थवेहि येतात. कारण ह्या जातीचें आयुष्य ठराविक दोन वर्षांचें असून प्युजेट साउंडच्या नद्यांत तिची मोठी पिढी विषम वर्षींच परतते.

पहांटेच्या वेळीं, ओहोटीचा ओढ लागला असतां, मनुष्य पाण्यांत उतरतो. हातांत नऊ फूट लांबीची लवचिक काठी, कमरेला ओढून घेतलेली दोरी ठेवण्याची टोपली, आणि दोरीच्या टोंकाला ‘माशी’. ही माशी खरें म्हणजे माशी नव्हेच. हरणाच्या शेपटीचे केस व चकाकणारे धागे बांधून केलेली ती लहान माशाची प्रतिमा असते. जेथें दोन प्रवाह एकमेकांस घासतात व पाण्यावर सुरकुत्या उठतात, तेथें तो ती फेंकतो आणि झटके देत ओढून घेतो. असें शेंकडों वेळां होतें, आणि बहुतेक वेळां कांहींच घडत नाहीं. मग एकाएकीं दोरी जड होते आणि चक्री किंचाळूं लागते. ह्या क्षणासाठीं माणसें थंडींत तासन् तास उभीं राहतात.

ही विद्या तेथें विसाव्या शतकांत पद्धतशीर झाली. १९३० नंतरच्या दशकांत सीॲटल येथील लेचर लॅम्बथ ह्या बांबूच्या काठ्या बनविणाऱ्या गृहस्थानें लहान मासे कांचेच्या हौदांत ठेवून प्रकाशांत त्यांचे रंग कसे दिसतात ह्याचा अभ्यास केला, आणि त्यावरून केसांच्या ‘माशा’ बांधल्या. त्या काळीं त्या चालत्या होडीमागून ओढीत. किनाऱ्यावरून त्या फेंकण्याचा प्रघात पुढें वाढला. सरहद्दीपलीकडे कॅनडांत, व्हँकूव्हर बेटावरील कॅम्पबेल रिव्हर ह्या गांवीं, रॉडरिक हेग-ब्राउन (१९०८-१९७६) हा इंग्लंडांतून आलेला लेखक स्थायिक झाला होता. तो तेथें मॅजिस्ट्रेटचें काम करी, आणि उरलेल्या वेळांत मासे धरी व त्यांविषयीं लिही. १९३९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘द वेस्टर्न अँगलर’ ह्या ग्रंथानें पॅसिफिकच्या माशांना गळाच्या वाङ्मयांत मानाचें स्थान मिळालें. कप्तान गॉर्डनच्या अरसिक सामनाला अखेर रसिक म्हणून मान्यता मिळाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथवरची हकीकत करमणुकीची झाली. परंतु ज्या किनाऱ्यांवर हे गळ पडतात त्यांपैकीं एकाची हकीकत तशी नाहीं. किट्सॅप द्वीपकल्पाच्या उत्तर टोंकाला ‘पॉइंट नो पॉइंट’, म्हणजे ‘टोंक, पण टोंक नव्हे’, अशा चमत्कारिक नांवाचें एक भूशिर आहे. १८४१ मध्यें अमेरिकन आरमाराच्या मोहिमेवर आलेल्या चार्ल्स विल्क्स ह्यानें हडसन नदीवरील तशाच नांवाच्या जागेवरून हें नांव ठेविलें. तद्देशीय लोकांचें नांव ‘हाड्स्कस’ असें होतें. त्याचा अर्थ लांब नाक. आज तेथें १८८० च्या आरंभीं पेटलेलें एक लहान दीपगृह व एक सार्वजनिक उद्यान आहे. भूशिरासमोर भरती-ओहोटीचे प्रवाह जोरानें घासतात, म्हणून सप्टेंबरांत कोहोसाठीं गळ टाकणाऱ्यांची तेथें रांग लागते.

ह्याच वाळूवर २५ जानेवारी १८५५ रोजीं वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स ह्यानें स्क्लॅलम, चिमाकम व स्कोकोमिश ह्या जमातींची सभा बोलाविली. सुमारें बाराशें लोक जमले होते. त्यांनीं आपली भूमि सोडून द्यावी, हूड कालव्याच्या माथ्याशीं ३,८४० एकरांच्या राखीव जागेंत जावें, आणि मोबदल्यादाखल वीस वर्षांत साठ हजार डॉलर घ्यावे, असा प्रस्ताव होता. बोलणें चिनूक जार्गन नांवाच्या व्यापारी बोलींतून चाललें होतें. ह्या बोलींत शब्द कांहीं शेंकडे. कातडीं व घोंगड्या ह्यांच्या देवघेवीस ती पुरे, पण मालकी, हक्क, सामाईक ह्या कल्पना तींत कशा उतरल्या असतील ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. सभेचा वृत्तांत उपलब्ध आहे. त्यांत असें दिसतें कीं, जमीन दिल्यावर आम्ही खावें काय, ही धास्ती एका वृद्ध स्कोकोमिश गृहस्थानें उघड बोलून दाखविली. पहिल्या दिवशीं सह्या झाल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं ते लोक पांढरीं निशाणें घेऊन आले आणि तह झाला. मधल्या काळांत त्यांस पुन्हां आश्वासन मिळालें होतें कीं, मासे धरण्याची त्यांना आडकाठी होणार नाहीं. तहाच्या चौथ्या कलमांत तें लिहिलें गेलें. नेहमींच्या व परंपरागत ठिकाणीं मासे धरण्याचा हक्क ह्या जमातींकडे राहील, आणि तो संयुक्त संस्थानांच्या सर्व नागरिकांबरोबर सामाईक असेल, असा त्याचा आशय आहे. ह्या ‘सामाईक’ शब्दाचा अर्थ लागण्यास पुढें एकशें एकोणीस वर्षें लागलीं.

प्रथम प्रथम शब्दाची गरजच पडली नाहीं. मासा विपुल होता. पण १८७७ मध्यें प्युजेट साउंडवर मासे डब्यांत भरण्याचा पहिला कारखाना निघाला, आणि थोड्याच वर्षांत सामनाच्या वाटेंत खांब ठोकून जाळ्यांचे प्रचंड सांपळे उभे राहिले. १९१३ ह्या एका वर्षांत तेथील कारखान्यांनीं डब्यांच्या पंचवीस लाखांहून अधिक पेट्या भरल्या. जंगलें तुटलीं, नद्यांवर धरणें आलीं, मासा घटूं लागला. १९३४ मध्यें जनमतानें सांपळ्यांस बंदी झाली. संरक्षणाचे कायदे झाले. परंतु ते लागूं करितांना संस्थानाच्या अधिकाऱ्यांची नजर आधीं वळे ती नदीच्या मुखाशीं जाळें टाकणाऱ्या तद्देशीय मनुष्याकडे. कारण उघड होतें: कारखान्याची बोट समुद्रांत दूर असे, आणि हा समोर, उघड्यावर असे.

येथें दोन निकाल एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९०५ मध्यें कोलंबिया नदीवरील एका खटल्यांत संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, तहानें ह्या लोकांना कांहीं हक्क दिले असें नाहीं. उलट त्यांनींच आपले हक्क दिले, आणि जे दिले नाहींत ते स्वतःकडे राखून ठेविले. म्हणजे मासे धरण्याची मुभा ही सरकारची मेहेरबानी नव्हे. घर विकणाऱ्यानें आपल्यापुरती राखून ठेविलेली ती परसांतली विहीर होय. पण १९१६ मध्यें वॉशिंग्टन संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयानें, याकामा जमातीच्या एका मनुष्याच्या खटल्यांत, ह्या लोकांचा भूमीवर कधीं सार्वभौम हक्क होता हेंच अमान्य केलें, आणि तेंहि अशा भाषेंत कीं, त्याच न्यायालयास २०२० मध्यें तो निकाल जाहीरपणें मागें घ्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा कलह पेटला. निस्क्वाली जमातीचा बिली फ्रँक (१९३१-२०१४) ह्याला १९४५ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, मासे धरल्याबद्दल प्रथम अटक झाली. पुढें अशा अटका पन्नासांहून अधिक झाल्या. १९६० नंतरच्या दशकांत ह्या लोकांनीं उघडपणें व मुद्दाम जाळीं टाकून कायदा मोडण्यास आरंभ केला. मिठासाठीं दांडीच्या किनाऱ्यावर जें झालें तें स्मरणांत असलेल्या आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. होड्या जप्त झाल्या, जाळीं फाटलीं. सप्टेंबर १९७० मध्यें प्युयालप नदीकांठच्या त्यांच्या तळावर पोलिसांनीं अश्रुधूर सोडून अनेकांस धरून नेलें. त्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारनें ह्या जमातींच्या वतीनें संस्थानावर दावा लाविला. १२ फेब्रुवारी १९७४ रोजीं न्यायाधीश जॉर्ज बोल्ट ह्यांनीं निकाल दिला. तहावर सही करणाऱ्यांना त्या शब्दाचा जो अर्थ समजला असेल तोच धरला पाहिजे. आणि ‘सामाईक’ म्हणजे परंपरागत ठिकाणांवरून जाणाऱ्या व धरण्याजोग्या माशांपैकीं निम्म्यांपर्यंतचा वांटा जमातींचा, असा तो निकाल होता. माशांच्या व्यवस्थेंतहि त्यांस स्थान मिळालें. १९७९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल मुख्यतः कायम केला.

ह्यावर जो क्षोभ उसळला त्यांत हौशी गळवालेहि होते. न्यायाधीशांच्या प्रतिमा फांसावर लटकविण्यांत आल्या. हौशी लोकांची तक्रार अशी कीं, आम्ही एकेक मासा कष्टानें धरतों, बहुधा सोडूनहि देतों. आणि मूठभर लोकांना मात्र निम्मा वांटा! ही तक्रार आम्ही सर्वस्वीं तुच्छ मानीत नाहीं. ज्याला एखादा किनारा लहानपणापासून प्रिय आहे, त्याला तेथें दुसऱ्याचा हक्क निघाला म्हणजे दुःख होतें, आणि तें दुःख खोटें नसतें. परंतु त्या तक्रारींत एक गोष्ट सुटली होती. पॉइंट नो पॉइंटच्या वाळूवर उभें राहण्याचा हौशी माणसाचा हक्क तरी कोठून आला? तो त्याच तहांतून आला. भूमि देणारा करार पवित्र, आणि त्याच कागदावरचें माशांचें कलम मात्र जुनाट, हा न्याय एकाच कागदाला दोन मापें लावणारा आहे. कथेंतील कप्तानानें परक्या देशाला आपल्या गळाचें माप लाविलें. ह्यांनींहि वेगळें कांहीं केलें नाहीं.

शिवाय निम्मा वांटा मिळाला तरी निम्मा कशाचा, हा प्रश्न उरतोच. शून्याचा अर्धा भाग शून्यच. १९९९ मध्यें प्युजेट साउंडचा चिनूक सामन संकटग्रस्त म्हणून सरकारी यादींत नोंदला गेला. तेव्हां जमातींनीं पुढचें पाऊल टाकिलें. संस्थानाच्या रस्त्यांखालच्या मोऱ्या चुकीच्या बांधल्यामुळें सामनाला वरच्या ओढ्यांत चढतां येत नाहीं, सबब त्या दुरुस्त कराव्या, असा अर्ज त्यांनीं २००१ मध्यें केला. मासे धरण्याचें वचन देऊन माशांची वाट बुजविणें हा वचनभंगच होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयांनीं तो मान्य केला, आणि २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत मतें समसमान पडल्यामुळें तो निकाल कायम राहिला. मोरी दुरुस्त झाली म्हणजे वर चढणारा मासा हा जमातीचा आणि हा हौशी माणसाचा असें ओढा पाहत नाहीं. ज्यांच्यावर मासे संपविल्याचा आरोप होता, त्यांच्या दाव्यामुळें सर्वांच्याच माशांची वाट मोकळी होऊं लागली. ‘सामाईक’ ह्या शब्दाचा हा अर्थ कोणत्याहि कोशापेक्षां आम्हांस अधिक पटतो.

पॉइंट नो पॉइंट येथें सही करणाऱ्या स्क्लॅलम लोकांची एक शाखा एल्वा नदीच्या मुखाशीं राहते. त्या नदीवर १९१३ व १९२७ मध्यें दोन धरणें पुरीं झालीं आणि वरची बहुतेक सगळी नदी सामनाला बंद झाली. २०११ ते २०१४ ह्या काळांत तीं धरणें पाडण्यांत आलीं. त्यानंतर मासा वाढावा म्हणून ह्या लोकांनीं आपला तहाचा हक्क असतांहि त्या नदींत गळ किंवा जाळें टाकलें नाहीं. अखेर २०२३ च्या शरदऋतूंत त्यांनीं मोकळ्या एल्वेंत पहिल्यानें कोहो सामन धरला. थोडाच, विधीपुरता व घरच्या खाण्यापुरता. १८५५ सालीं ज्या वृद्धानें आम्ही खावें काय असें विचारलें होतें, त्याच्या प्रश्नाला हें उत्तर फार उशिरानें आणि अपुरें मिळालें, पण मिळालें.

हेग-ब्राउनसारख्या जाणत्या गळवाल्यानें आपलें पुष्कळसें आयुष्य नद्या व त्यांचीं उगमस्थानें वांचविण्याच्या खटपटींत घालविलें, तें ह्याच समजुतीनें कीं, मासा गळाच्या टोंकाशीं सुरू होत नाहीं. आज पॉइंट नो पॉइंटवर उभा राहणारा हौशी मनुष्य बिनकांट्याचा गळ वापरतो आणि रानटी कोहो हातीं आल्यास पुष्कळदां त्याला पाण्यांतच मोकळा करून देतो. त्याच पाण्यांत थोड्या अंतरावर जमातीच्या होडीचें जाळें पसरलेलें असतें. दोघांचीहि नजर एकाच प्रवाहावर असते. त्या प्रवाहांतून मासा येत राहील किंवा नाहीं, हें दोघांपैकीं कोणाच्याहि कौशल्यावर अवलंबून नाहीं. तें ओढ्यांवरच्या सावलीवर, मोऱ्यांच्या उंचीवर, आणि त्या वाळूवर एकदां दिलेलें वचन पाळण्यावर अवलंबून आहे.